गारांच्या वाटेवरची नाकाबंदी

"किल्ली इकडं द्या," साहेब म्हणाले.

मकबूलनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली तशी त्यानं सुमो बंद केली आणि किल्ली खिडकीतून त्यांच्या हातावर ठेवली. मी वहीत वेळ लिहिली. तीन सत्तेचाळीस. मावळतीला ढग उभा होता, आणि तो काही आमच्यासाठी थांबणार नव्हता.

"काय लिहिताय?"

"वेळ."

"माझी तक्रार करायला?"

"नाही. ढगाची."

साहेब हसले नाहीत. छातीवरच्या पट्टीवर नाईकनवरे असं नाव होतं. सहायक निरीक्षक. पस्तिशीच्या आतले, कडक इस्त्रीचे, आणि त्या दिवशी बरेच टेन्शनमध्ये. त्यांनी सुमोभोवती एक चक्कर मारली. टपावर सायकलच्या हबला जोडलेले स्वयंपाकातले स्टीलचे चार डाव गरगर फिरत होते. वाऱ्याचा वेग मोजायला ते यंत्र मकबूलनंच त्याच्या गॅरेजात बनवलं होतं. पुढच्या काचेवर आणि बॉनेटवर लोखंडी जाळी वेल्ड केलेली होती. मागच्या सीटवर थर्माकोलची पेटी, दोन कॅमेरे आणि गारांची जाडी मोजायला कॉलेजच्या लॅबमधून आणलेला व्हर्नियर कॅलिपर.

"तुम्हीच त्या गारावाल्या मॅडम ना? निटुरे?"

"हो. गिरिजा निटुरे."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि मार्च ते मे, सुट्टी मिळेल त्या दिवशी, वादळांच्या मागे जात होते. आमच्या मराठवाड्यात त्या दिवसांत दुपारनंतर जे ढग उठतात, ते तासाभरात आभाळाला टेकतात आणि पुढच्या तासात एखाद्या गावाचं होत्याचं नव्हतं करतात. शेजारच्या गावाला मात्र शिंतोडाही पडत नाही. ते नेमकं कुठं पडेल हे कुणी सांगत नव्हतं. मला ते सांगता यायला हवं होतं. म्हणून मी गारा गोळा करायची, मोजायची, तापलेल्या तारेनं कापून आतली वर्तुळं बघायची. मकबूल तांबोळी गाडी चालवायचा. त्याला ढगातलं आधी काही कळत नव्हतं. चार वर्षांत मात्र असं झालं होतं, की मी आकाशाकडं बघायच्या आधी तो गिअर बदलायचा.

पोलिसांशी आमची जुनी ओळख होती. पुलावर गाडी थांबवली म्हणून पावती झाली होती. वीजकेंद्राजवळ कॅमेरा लावला म्हणून तीन तास ठाण्यात बसवलं होतं. एका शिपायानं टपावरच्या डावांना अँटेना ठरवून ते उतरवायला लावले होते, आणि जाळीबद्दल तर प्रत्येक नाक्यावर तेच भाषण व्हायचं. या सगळ्याचं मला काही वाटत नव्हतं. डाचत होती ती आदल्या वर्षीची गोष्ट. मी एका गावच्या सरपंचांना सांगून जत्रेतल्या कुस्त्या थांबवायला लावल्या आणि ढग आठ किलोमीटरवरून निघून गेला. गावानं तक्रार केली. मला ठाण्यात बोलावून एक कागद पुढं ठेवला गेला. हवामानाविषयी लोकांत घबराट पसरेल असं काही बोलणार नाही, अशी हमी. मी सही केली. कॉलेजचे प्राचार्य शेजारी बसले होते, आणि मी तेव्हा भित्री होते. दुसरं काही कारण नाही.

"पुढं कुठं निघालात?" नाईकनवरेंनी विचारलं.

"चिंचोलीच्या माळावर. तिथं काय आहे आज? गाड्या बऱ्याच जाताना दिसल्या."

"सामुदायिक विवाह. एकतीस जोडपी. मंत्री येतायत साडेचारला. रस्ता बंद आहे."

चिंचोलीचा माळ म्हणजे उघडा बोडका उंचवटा. आम्हाला अडवलं होतं त्या फाट्यापासून उत्तरेला चार किलोमीटर.

"किती माणूस आहे?"

"दोन-अडीच हजार असेल."

"मांडव कशाचा आहे?"

"मांडवासारखा मांडव. लोखंडी खांब, वर पत्रा, बाजूला कापड. का?"

मी गाडीतून उतरले आणि हात मावळतीकडं केला. "साहेब, तो ढग बघा. वरचा माथा ऐरणीसारखा पसरलाय. खालचा रंग बघा, हिरवट. तो पावसाचा रंग नाही, गारांचा आहे. आत्ता वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे आणि या बाजूला येतोय. अर्ध्या-पाऊण तासात माळावर असेल. पत्र्याचा मांडव वाऱ्यानं उचलला तर खाली अडीच हजार माणसं आहेत."

नाईकनवरेंनी बघितलं. खरंच नीट बघितलं, हे मी मान्य करते. मग म्हणाले, "मागच्या वर्षीपण तुम्हाला असंच दिसलं होतं."

"हो."

"कुस्त्या थांबवल्या तुम्ही. पाऊस आला?"

"तिथं नाही आला."

"तुमचं हमीपत्र आमच्या फाईलला आहे, मॅडम. आज मंत्री येतायत. मी मांडव रिकामा करायला सांगितला आणि आभाळ निवळलं, तर उद्या माझं काय होईल?"

"आणि नाही निवळलं तर?"

नाईकनवरेंनी घड्याळात पाहिलं. त्यांच्या मागं बॅरिकेडपाशी एक वयस्क हवालदार उभे होते. सावळे, पोट सुटलेले, खिशाला चष्म्याची काडी अडकवलेली. ते मघापासून आमच्याकडं नव्हे, ढगाकडं बघत होते. त्यांचं नाव तुळशीराम काळदाते, हे मला नंतर कळलं.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाले, "वारं पडलंय बगा. मघाशी होतं."

"काळदाते, तुम्ही तुमचं काम करा."

मकबूल खाली उतरला. "साहेब, निदान मॅडमला तुमच्या जीपमधून तरी पाठवा. गाडी राहू द्या इथंच."

"तू गप रे. नाव काय तुझं? तांबोळी? लायसन काढ. गाडीची कागदं काढ. ही जाळी कुणाच्या परवानगीनं लावली?"

मकबूलनं कागदं दिली. त्याचा चेहरा तसाच शांत होता. मी चिडले की ओरडते. मकबूल चिडला की त्याची मराठी एकदम स्वच्छ होते. "परवानगी घेतलेली नाही, साहेब," तो म्हणाला. "दंड लिहा. पण मॅडमना जाऊ द्या."

"दोघं गाडीत बसा. मंत्री गेल्यावर बघू." किल्ली खिशात टाकून नाईकनवरे जीपकडं गेले आणि वायरलेसवर बोलू लागले.

मी फोन काढला. तहसीलला घंटी वाजत राहिली. शनिवार होता. मकबूलनं चिंचोलीतल्या एका ओळखीच्या वाजंत्रीवाल्याला लावला. पलीकडून नुसता बँडचा आवाज. तो "हॅलो, हॅलो" ओरडला आणि फोन कट झाला.

फाट्यावर आमच्याशिवाय एक मोटारसायकल अडवलेली होती. म्हातारा-म्हातारी, नातीच्या लग्नाला निघालेले. म्हातारी रस्त्याकडेला मातीत बसून पदरानं वारा घेत होती. घेत होती कारण वारा खरंच पडला होता. टपावरचे डाव थांबले होते. चार वाजायला दोन मिनिटं होती.

मग पश्चिमेकडून गार झुळूक आली. भर एप्रिलात, अंगावर काटा आणणारी. डाव एकदा उलटे हलले आणि फिरायला लागले. ढगाच्या पुढं पुढं असा गार वारा धावतो. तो पोचला म्हणजे ढग आपल्याला वाटला होता त्याहून जवळ आहे.

"मकबूलभाई," मी म्हणाले.

"हाव."

"किल्लीशिवाय होईल?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "किती वर्षाची सजा हाय याला?"

"माहीत नाही. माझ्यावर घे. मी सांगितलं म्हण."

"ते बघू नंतर." तो स्टिअरिंगखाली वाकला. त्या सुमोचं स्टिअरिंग लॉक कधीच तुटलेलं होतं. दोन वायरी निघाल्या, एक ठिणगी उडाली आणि गाडी गुरगुरली.

नाईकनवरे जीपमधून बाहेर पडेपर्यंत मकबूलनं पहिला गिअर टाकला होता. बॅरिकेड समोर होतं आणि त्याच्या शेजारी हात वर करून काळदाते हवालदार. मकबूलनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. हवालदार शेवटच्या क्षणी बाजूला झाले. बॅरिकेड डाव्या दिव्यावर आदळलं, काच फुटली, लोखंड घासत गेलं आणि आम्ही पार झालो. मागून शिट्टी ऐकू आली. मी मागं वळून पाहिलं नाही. मला खोटं सांगायचं नाही, त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती. इतकं मोकळं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

माळावर पोचलो तेव्हा मंगलाष्टकांची तयारी चालली होती. एकतीस अंतरपाट, एकतीस नवऱ्या हिरव्या चुड्यात. स्टेजवर मंत्र्यांसाठी मांडलेला सोफा रिकामा. मी चपला न काढता सरळ स्टेजवर चढले. सूत्रसंचालन करणारा माणूस कविता म्हणत होता. त्याच्या हातातून मी माईक घेतला.

"ऐका," मी म्हणाले. "माझं नाव गिरिजा निटुरे. मोठी गारपीट येतेय. वीस मिनिटं आहेत. हा मांडव सोडून पलीकडच्या सूतगिरणीच्या शेडमध्ये चला. सामान राहू द्या. माणसं चला."

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "मंत्री नाही आले, गारा आल्या!" पांढऱ्या कपड्यातले आयोजक धावत वर आले. "ओ बाई, उतरा खाली! मुहूर्त चार पन्नासचा आहे. कुणी पाठवलं तुम्हाला?"

तेवढ्यात मांडवाच्या दाराशी दोन महिला पोलीस दिसल्या. वायरलेसवर निरोप पोचला होता. त्या गर्दीतून वाट काढत माझ्याकडं येऊ लागल्या. मला पुढचं सुचलं ते त्यांच्यामुळं.

"ते बघा, पोलीस मला धरायला आलेत," मी माईकवर म्हणाले. "मी खाली फाट्यावरचा नाका तोडून आलेय. माझ्यावर केस होणार, नोकरी जाणार. मी मास्तरीण आहे, येडी नाही. उगाच येईन का मी?"

हसणं थांबलं. नवरींच्या रांगेमागं बसलेली एक बाई उठली. नऊवारीतली, उंच, कपाळावर मोठं कुंकू. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी दोन नवरींना दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "चल गं. लगीन शेडात लागल." तिच्यामागं तिच्या गल्लीतल्या बाया उठल्या. मग पत्रा कडकन वाजला, कापडाची एक बाजू सुटून फडफडायला लागली, आणि मग कुणाला सांगावं लागलं नाही. महिला पोलिसांपैकी एक माझ्यापर्यंत पोचली होती. पट्टीवर बोडके नाव. पंचवीसेक वर्षांची असेल. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"चला मॅडम."

"धरून ठेवा मला," मी म्हणाले. "पण तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना कुणीतरी हात द्या."

तिनं एकदा आयोजकांकडं बघितलं, एकदा वरच्या पत्र्याकडं. मग माझा हात सोडला आणि ती म्हाताऱ्यांकडं गेली.

पंधरा मिनिटांत मांडव मोकळा झाला. शेडमध्ये माणसं खेटून उभी राहिली. वारा आला. मांडवाचं कापड फाटून उडालं, चार पत्रे निघून माळावर घसरत गेले. वाटाण्याएवढ्या मूठभर गारा पडल्या, पावसाचे थेंब टपटपले.

आणि ऊन पडलं.

लख्ख, पिवळं ऊन. शेडच्या दारातून सगळे बाहेर बघत होते. मांडव उभा होता. सोफा उभा होता. चार पन्नासला दोन मिनिटं उरली होती आणि भटजी मातीत आपली पोथी शोधत होते.

पहिला आवाज आयोजकांचा आला. "झालं समाधान? एकतीस पोरींचा मुहूर्त घालवला! मंत्री अर्ध्या वाटेतून परत गेले!" मग सगळेच बोलू लागले. एकानं मकबूलची कॉलर धरली. दुसऱ्यानं त्याच्या टोपीला हात घातला. मी मध्ये गेले तर मलाही धक्का बसला. मकबूलनं हात वर केला नाही. तो फक्त म्हणत होता, "दादा, गाडी मी चालवली. त्यांना हात लावू नका."

मी वादळाकडं बघत होते, कारण मला कळत नव्हतं. एवढा ढग गेला कुठं? मी शेडच्या कोपऱ्यावर गेले आणि दक्षिणेकडं पाहिलं.

आम्ही जिथून आलो होतो, त्या फाट्यावर आभाळापासून जमिनीपर्यंत पांढरा पडदा लागला होता. पावसाचा पडदा करडा असतो. हा चुन्यासारखा पांढरा होता. मोठे ढग कधी कधी चालत्या वाटेवरून उजवीकडं वळतात. मला ते माहीत होतं. वर्गात शिकवण्याइतकं माहीत होतं. तरी मी ते हिशेबात धरलं नव्हतं.

"बोडके," मी त्या शिपाई मुलीला म्हणाले, "तुमचे साहेब त्याच्याखाली आहेत."

तिनं वायरलेस लावला. नुसती खरखर. पुन्हा लावला. मग तिनं गर्दीत शिरून मकबूलची कॉलर धरलेला हात झटकून काढला. "गाडी काढा," ती म्हणाली. "मी बसते पुढं."

आम्ही त्या पडद्यात शिरलो तेव्हा आवाज एवढा होता की तिघांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. गारा लिंबाएवढ्या होत्या, मध्येच संत्र्याएवढी एखादी. जाळी वाकली, पण काच टिकली. डाव तुटून गेले. रस्ता दिसत नव्हता, मकबूल कडेच्या दगडांच्या अंदाजानं चालवत होता. बोडके दोन्ही हात डोक्यावर धरून बसली होती आणि तोंडानं एकसारखं काहीतरी म्हणत होती. देवाचं नाव असेल किंवा शिव्या.

फाट्यावर ना झाड, ना आडोसा. जीपचं छत कापडी, ते फाटून लोंबत होतं. आत सीटखाली ते म्हातारा-म्हातारी एकमेकांना धरून दबून बसले होते, त्यांच्यावर कुणीतरी जीपचं स्पेअर चाक आडवं टाकलं होतं. नाईकनवरे जीपच्या खाली होते. आणि रस्त्यावर, आमच्या धक्क्यानं वाकलेलं बॅरिकेड अंगावर ओढून, काळदाते हवालदार पालथे पडले होते. जीपमध्ये दोघांचीच जागा होती. जीपखाली एकाची.

मकबूलनं सुमो त्यांच्या अंगाला खेटून लावली, म्हणजे गारा गाडीवर पडाव्यात. आम्ही तिघांनी त्यांना ओढून आत घेतलं. डावा डोळा मिटलेला होता आणि त्यातून रक्त येत होतं. ते शुद्धीवर होते. "म्हातारी हाय का बरी?" एवढंच त्यांनी विचारलं.

म्हातारा-म्हातारीला घेतलं, नाईकनवरेंना घेतलं. सरकारी दवाखाना अठरा किलोमीटर. नाईकनवरे मागं हवालदारांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. टोपी नव्हती, कपाळ फुटलं होतं, इस्त्रीचा पत्ता नव्हता. मग त्यांनी खिशात हात घातला आणि पुढं केला.

"तुमची किल्ली."

"राहू द्या साहेब," मकबूल म्हणाला. "गाडी चालू आहे."

दवाखान्यात रात्रीपर्यंत सगळ्यांची मलमपट्टी झाली. काळदातेंना मोठ्या दवाखान्यात हलवलं. मी आणि मकबूल बाहेरच्या बाकावर बसलो होतो. नाईकनवरे आले. उभेच राहिले.

"मॅडम, वरून फोन आलाय. गुन्हा दाखल करावा लागेल. दोघांवर."

"करा," मी म्हणाले. "फक्त वेळा बरोबर लिहा. तुम्ही किल्ली घेतली तीन सत्तेचाळीसला. आम्ही निघालो चार वाजता."

त्यांनी मान खाली घातली. वेळा मात्र बरोबर लिहिल्या. ते मी नंतर कागदावर पाहिलं.

केस तीन वर्षं चालली. सरकारी कामात अडथळा, नाका तोडणं, हमीचा भंग. कॉलेजनं मला सहा महिने निलंबित ठेवलं. सुमो ठाण्याच्या आवारात गंजत पडली, मकबूलला दुसऱ्याच्या गॅरेजात काम धरावं लागलं. आमचे वकील म्हणाले, माफीनामा लिहून द्या, मिटवून टाकू. मी लिहायला बसले होते. माझ्यासाठी नाही, मकबूलची दोन लेकरं डोळ्यांपुढं होती. त्यानं कागद वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"यात लिहिलंय, आमच्याकडून चूक झाली," तो म्हणाला. "मॅडम, कोणती चूक?"

कागद मी फाडला.

मग तो दिवस आला, साक्षीचा. काळदाते हवालदार पिंजऱ्यात उभे राहिले. डावा डोळा गेला होता, तिथं काळी काच होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, "या आरोपींनी बॅरिकेड तोडलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

हवालदारांनी एकदा आमच्याकडं पाहिलं. "न्हाई साहेब," ते म्हणाले. "बॅरिकेड मीच बाजूला केलं. म्हणलं, जाऊ द्या."

कोर्टात कुजबूज झाली. सरकारी वकील गोंधळले. आमच्या वकिलांनी माझा हात दाबला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, कारण त्या एका वाक्यात आम्ही सुटलो होतो. मी मात्र हवालदारांकडं बघत होते. साहेबांचा हुकूम मोडून गाडी सोडली, असं हवालदारानं कोर्टात कबूल केलं तर त्याचं काय होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आठ महिने. पेन्शन.

मला कळायच्या आत शेजारी मकबूल उठला.

"साहेब, ते खोटं बोलतायत."

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. "तुमची पाळी आली की बोला."

"बसतो साहेब. पण लिहून घ्या. ते हात वर करून उभे होते. मला थांब म्हणत होते. मी थांबलो नाही. बॅरिकेड मी उडवलं, डावा दिवा फुटला, दिवा ठाण्यात गाडीला आहे, बघून घ्या. यांनी आपलं काम केलं." त्याची मराठी एकदम स्वच्छ झाली होती. "मी माझं केलं."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मी उठले. "आणि गाडी काढायला मी सांगितलं," मी म्हणाले. "हेही लिहा."

आमच्या जबाबात आम्ही तेच पुन्हा सांगितलं. शब्द बदलला नाही. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी चष्मा काढून मला विचारलं, "शिक्षेबाबत काही सांगायचं आहे? केल्या गोष्टीचा पश्चात्ताप होतो?"

"जागा चुकल्याचा होतो," मी म्हणाले. "मांडव उठवण्याआधी फाटा उठवायला हवा होता. निघाल्याचा होत नाही."

"उद्या पुन्हा असा प्रसंग आला तर?"

"तर पुन्हा निघू. फक्त हिशेब जास्त नीट करू."

त्यांनी बराच वेळ खाली बघून लिहिलं. मग वाचलं. दोन्ही आरोपी दोषी. शिक्षा म्हणून दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत आम्ही त्या खोलीतल्या मागच्या बाकावर बसून राहायचं. उठायचं नाही, बाहेर जायचं नाही. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

आम्ही बसलो. बांधाची भांडणं झाली, एका नवरा-बायकोची पोटगी झाली, कुणाच्या तरी म्हशीची चोरी झाली. पंखा गरम हवा फेकत होता. मकबूलचा चेहरा नेहमीसारखा शांत होता. मला वाटलं, याला माझ्यापायी काय काय झालं, एकदा तरी माफी मागावी. तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "आज वारं कसलं सुटलंय बाहेर, बघा." मी खिडकीबाहेर पाहिलं.

दुपारच्या सुट्टीनंतर दार उघडलं आणि काळदाते हवालदार आत आले. गणवेशात, टोपी काखेत. निकाल ऐकायला आले असावेत, पण उशीर झाला होता. त्यांनी खोलीवर नजर फिरवली, आम्ही दिसलो तसे सरळ मागं आले आणि मकबूलच्या शेजारी बाकावर बसले.

पट्टेवाला घाईघाईनं आला. "हवालदार, तो आरोपींचा बाक आहे. तुमची साक्ष झालीय ना कधीच? जाऊ शकता तुम्ही."

काळदातेंनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पाठ भिंतीला टेकवली.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "कोर्ट उठेपर्यंत बसतो."